भेवाची हजेरी

शाळेच्या शोकसभेत मुख्याध्यापिका म्हणाल्या की बाई म्हणजे मूर्तिमंत धैर्य होत्या. त्यांच्यानंतर उठलेल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी ‘निर्भय’ हा शब्द वापरला. एका माजी विद्यार्थिनीने तर त्यांना वाघीण म्हटले. टेबलावरच्या फोटोत बाई गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी घालून बसल्या होत्या. फोटोग्राफरचा फ्लॅश उडेल म्हणून त्यांनी डोळे अर्धवट मिटून घेतले होते. मी मागच्या रांगेत होतो. ग्रंथपालाला कोणी बोलायला लावत नाही, हे त्या दिवशी बरेच झाले.

मला माहीत असलेल्या माणसांत बाईंइतके भित्रे माणूस दुसरे नव्हते.

हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. त्यांनी ते स्वतःच सांगितले होते, आणि तेही शाळेत रुजू झाल्या त्याच दिवशी. स्टाफरूममध्ये ओळखीचा कार्यक्रम चालला होता. नाव, विषय, आवड, असे एकेकजण सांगत होते. बाईंनी नाव सांगितले, शारीरिक शिक्षण हा विषय सांगितला, पूर्वीच्या शाळेत मुलींचे स्काउट-गाइडचे पथक चालवत होते म्हणाल्या, आणि मग आवडीच्या जागी म्हणाल्या, "मले लय भेव लागते. आधीच सांगून ठेवते. मंग कोणी हसाचं नाही."

सगळे हसले. बाईंनी सगळ्यांचे हसून होऊ दिले आणि खाली बसल्या.

भेव हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझी आजी तो वापरायची, गल्लीतले सगळेच वापरायचे. शिकत गेलो तसा तो माझ्या तोंडातून गेला आणि त्याच्या जागी भीती आली. भीती वाटते. भेव लागते. तहान लागते, भूक लागते, तसे. बाईंना त्यात लाजण्यासारखे काही दिसत नसे. तहान लागलेला माणूस पाणी मागतो, तसे भेव लागलेल्या माणसाने सांगावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्या लकडगंजात राहायच्या, एका आरा मशीनच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. गल्लीभर लाकडाचा भुसा. त्यामुळे दाराशी वाळूची बादली, पलंगाखाली पाण्याची बादली आणि खिडकीत आणखी एक. शेजारच्या काकू मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या मॅडमच्या भेवानं आमी अगरबत्तीबी बाहेर नेऊन लावतो जी." आतून बाईंचा आवाज आला, "आन् विझवून येत जा." काकू म्हणाल्या, "अवं, अगरबत्ती कोणी विझवते काय?" बाई म्हणाल्या, "मी विझवते ना रोज तुमची."

लिफ्टमध्ये त्या कधी चढल्या नाहीत. त्यांच्या गळ्यात एक शिट्टी असे आणि पर्समध्ये दुसरी, कारण पहिली ऐनवेळी वाजली नाही तर? ऑटोत बसण्याआधी त्या ऑटोवाल्याचे नाव विचारत आणि ते पूर्ण प्रवासभर घेत राहत. "हळू, सुनीलभाऊ. खड्डा हाय, सुनीलभाऊ." सुनीलभाऊ वैतागून जात, पण हळू चालवत.

अशा बाईंकडे छोट्या मुलींचे बुलबुल पथक दिले होते. या पथकात मुली एकेक चाचणी देत पुढे जातात. आधी कोमल पंख, मग रजत पंख, मग सुवर्ण पंख, शेवटी हीरक पंख. दोरीची गाठ मारणे, जखमेला पट्टी बांधणे, घरचा पत्ता न अडखळता सांगणे, फोनवरचा निरोप जसाच्या तसा पोचवणे, जमिनीवर दगडांनी मांडलेला बाण ओळखून वाट काढणे. इतर शाळांत हे वर्षभरात उरकते. आमच्या शाळेत वर्ष संपे आणि मुली कोमल पंखावरच असत.

कारण बाईंची तऱ्हा उलटी होती. मेणबत्ती पेटवण्याआधी ती विझवण्याची चाचणी. "पेटवता तं साऱ्या जगाले येते." रस्ता ओलांडण्याच्या चाचणीला त्या मुलींना नंदनवनच्या मोठ्या चौकात नेत. जी धावत पलीकडे गेली ती नापास. जी कडेला उभी राहिली ती पास. एकदा एक मुलगी बराच वेळ उभी राहून कंटाळली आणि म्हणाली, "बाई, रस्ता रिकामा कधी होईल?"

"नाही होत तो."

"मग?"

"मंग वापस जाऊ. पलीकडं आपलं काय हाय?"

मी त्या वेळी त्यांचा सहायक होतो. सहायक म्हणजे दोऱ्या मोजून ठेवणारा आणि सहलीला भांडी सांभाळणारा. ग्रंथालयाच्या माणसाला काम नसते असा शाळेचा समज असल्याने माझी नेमणूक झाली. माझी मुलगी आराध्या त्याच पथकात होती, म्हणून मी नाही म्हणालो नाही.

पथकाची हजेरी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटले, काही खेळ चालला आहे. बाई नाव घेत आणि मुलगी ‘हजर’ म्हणत नसे. तिने त्या दिवशी तिला कशाचे भेव आहे ते सांगायचे.

"श्रावणी."

"पाल."

"मृण्मयी."

"गणिताच्या टीचर."

"त्यायचं मलेबी लागते. रिद्धी."

"फुगा फुटणार असतो ना, तो."

"फुटण्याचं का फुटणार असण्याचं?"

रिद्धी विचार करून म्हणाली, "असण्याचं."

"बरोबर."

एकदा एका मुलीने ‘पप्पा’ असे उत्तर दिले. कोणी हसले नाही. बाईंनी मान हलवली आणि पुढचे नाव घेतले. पण त्यानंतर कितीतरी दिवस शाळा सुटल्यावर त्या त्या मुलीबरोबर तिच्या घरापर्यंत चालत जात, चहा मागत आणि तिच्या वडिलांसमोर तासभर बसून राहत. स्वतः त्या माणसाला भिऊन. मला म्हणाल्या होत्या, "कप हालते माझ्या हातात, सर. पण बसते."

‘हजर’ का चालत नाही, असे मी विचारले. "हजर तं बेंचबी राह्यते," बाई म्हणाल्या.

डोकीही त्या मोजत नसत. सहलीत सगळे शिक्षक बोट फिरवत आकडा जुळवतात. बाई म्हणत, आकडा जुळते, त्यात लेकरू कोणाचं हाय ते आकडा सांगत नाही.

साहजिकच तक्रारी आल्या. एका मुलीचे वडील, प्लॉटिंगचा धंदा करणारे, थेट मैदानावर येऊन म्हणाले, "मॅडम, आम्ही पोरीले फिअरलेस बनवाले पाठवून राहिलो, अन् तुम्ही उलटं शिकवून राहिल्या."

"तुमाले कायचं भेव लागते जी?" बाईंनी विचारले.

"आपल्याले कायचंच नाही."

"मंग पोरीले तुमच्या गाडीवर नका आणू. तिले बसनं येऊ द्या."

ते गृहस्थ मुख्याध्यापिकांकडे गेले. मुख्याध्यापिकांनी हजेरी नीट, सगळ्या शाळेसारखी घ्यावी असे बजावले. बाईंनी ऐकले, म्हणजे मोठ्याने घेणे बंद केले. त्यानंतर एकेक मुलगी येई आणि त्यांच्या कानाशी तोंड नेई. बाई गुडघ्यावर बसत, मान तिरकी करत. लांबून ते दृश्य देवळातल्या नंदीच्या कानात काही सांगावे तसे दिसे.

एवढे भय आले कुठून, याच्या कथा स्टाफरूममध्ये होत्याच. कोणी म्हणे भाऊ कन्हान नदीत बुडाला, कोणी म्हणे घराला आग लागली होती. मी एकदा डबा खाताना धीर करून विचारले, "बाई, काही घडलं होतं का कधी?"

त्यांनी पोळीचा तुकडा झुणक्यात बुडवला. "सारे हेच विचारतात. काहीच नाही झालं, सर. माय-बाप म्हातारे होऊन गेले. भाऊ भंडाऱ्याले हाय, मजेत हाय. काही व्हावंच लागते काय?"

पुस्तकांत माणसांना कारणे असतात.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. दवाखान्यात मी जात असे. सुई घेऊन आलेल्या सिस्टर त्यांना चिडवत, "मावशी, एवढ्या मोठ्या झाल्या अन् सुईले भेता?" बाई म्हणत, "मी मोठी झाली म्हून सुई लहान झाली काय?" आणि हात मात्र पुढे करत, डोळे घट्ट मिटून. शेवटच्या भेटीत त्यांनी मला दाराच्या बाजूची खुर्ची उचलून खिडकीकडे ठेवायला सांगितली, म्हणजे दार दिसत राहील. मग दाराकडे पाहतच म्हणाल्या, "सर, लय भेव लागून राहिलं."

माझे सगळे आयुष्य शब्दांच्या कपाटांत गेले आहे. धीर देणारी वाक्ये मला पुष्कळ पाठ आहेत. त्यांतले एकही त्या खोलीत उभे राहीना. मी म्हणालो, "लागणारच, बाई."

त्यांनी मान हलवली. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो बर्फासारखा गार होता. त्यानंतर काही दिवसांनी त्या गेल्या. त्या निर्भयपणे गेल्या असे शोकसभेत कोणी म्हणाले, तेव्हा मला तो हात आठवला.

तेव्हापासून एक गोष्ट झाली आहे. मी झोपण्याआधी गॅसचे बटण तपासतो, आणि अंथरुणावरून उठून पुन्हा तपासतो. आराध्या आता दहावीत आहे, स्कूटीवर क्लासला जाते. ती परत येईपर्यंत मी गॅलरीत उभा असतो आणि हातातले पुस्तक त्याच पानावर राहते. बायको म्हणते, "तुम्ही असे नव्हते." नव्हतो. बाई होत्या तोवर आमच्या सगळ्यांच्या वाटणीचे त्या एकट्या भीत होत्या. आता ते वाटून आले आहे.

आणि या भयाला चेहरा म्हणून एकच संध्याकाळ आहे. आराध्या तिसरीत होती तेव्हाची.

रजत पंखाच्या चाचणीसाठी शहराबाहेर एका तलावाकाठी दिवसभराचे शिबिर होते. बऱ्याच शाळा आल्या होत्या. सगळ्या मुली एकसारख्या निळ्या फ्रॉकमध्ये, आणि जानेवारीची थंडी म्हणून वरून स्वेटर, शाल, कानटोपी. मैदानाच्या एका कडेला तलाव. मैदानातून बस उभ्या होत्या त्या डांबरी रस्त्याकडे जायला दोन वाटा होत्या. एक सरळ, स्वयंपाकाच्या मांडवावरून जाणारी. दुसरी लांबची, तलावाचे पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळेवरून. पाळेच्या दोन्ही उतारांवर बेशरमाची झुडपे माजलेली होती. मुलींना सरळ वाटेनेच जायचे असे सांगितले होते.

चाचण्या संपल्या तेव्हा सूर्य बुडत आला होता. मुली रांगेने सरळ वाटेने निघाल्या आणि मी भांडी घेऊन मागच्या टेम्पोकडे गेलो. आयोजकांपैकी एक तरुण भोंगा घेऊन आमच्या बसमध्ये चढला, बोट फिरवत डोकी मोजली आणि खाली उतरून म्हणाला, "आकडा बरोबर आहे. निघा." ड्रायव्हरने इंजिन सुरू केले. बाई म्हणाल्या, "थांब गा, भाऊ," आणि वर चढून सीटा-सीटांशी कान नेऊ लागल्या. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला.

मधल्या एका सीटवर शालीत गुरफटून एक मुलगी झोपली होती. बाईंनी वाकून विचारले, "आराध्या?"

शालीतून उत्तर आले, "येस मिस."

आमच्या पथकातली कुठलीच मुलगी हे उत्तर देत नसे, आणि बाईंना कोणी मिस म्हणत नसे. बाईंनी कानटोपी वर केली. चेहरा अनोळखी होता. नाव आराध्याच होते. आजकाल प्रत्येक शाळेत एक तरी आराध्या असतेच. ही दुसऱ्या शाळेची होती. थंडी वाजली म्हणून जी बस उघडी दिसली तीत शिरून झोपून गेली होती. तिच्या शाळेची मोजणी अजून व्हायची होती. आमचा आकडा तिच्यामुळे बरोबर आला होता.

बाई टेम्पोपाशी आल्या. मी पातेल्यांना दोरी बांधत होतो. त्या ओरडल्या नाहीत. अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "सर, आराध्या बसमधी नाही."

माझ्या मनात पहिल्यांदा आले ते मुलीबद्दल नव्हते. हे बायकोला मी कोणत्या शब्दांत सांगू, असे आले. मग पाय आपोआप तलावाकडे वळले. भोंगेवाला तरुण आणि इतर माणसे मांडवाकडे, संडासांकडे धावली. भोंग्यातून "आराध्या, आराध्या" अशा हाका सुरू झाल्या, आणि प्रत्येक हाकेला आमच्या बसच्या खिडकीतून ती दुसरी आराध्या रडत उत्तर देऊ लागली, "मी इथे आहे, मी इथे आहे." ते ऐकणे मला सहन होईना.

मी धावायला लागलो तशी बाईंनी माझ्या स्वेटरची बाही धरली. "थांबा. पोरीले कुत्र्याचं भेव हाय."

"आराध्याला?"

"सकाळीच कानात सांगतलं तिनं. मांडवापाशी पत्रावळीवर कुत्रे जमले हायेत. ती रांगेतून सटकली. त्या रस्त्यानं आलीच नाही. पाळेकडून निघाली असन."

घरी आराध्याने हे कधी सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते.

आम्ही दोघे पाळेवर चढलो. उजेड विरत होता. एका हाताला काळे पाणी, दुसऱ्या हाताला झुडपे. मी हाक मारायला तोंड उघडले तर बाई म्हणाल्या, "हाक नका मारू. हाक ऐकली का ती धावन. पाळेवर धावाचं नाही." त्यांनी शिट्टी दातांत धरली होती, पण वाजवत नव्हत्या. त्यांना धाप लागली होती, आणि श्वासाबरोबर शिट्टीतून एक बारीक, तुटक आवाज येत होता. त्या पाण्याला भीत होत्या, सापाला भीत होत्या, अंधाराला भीत होत्या, आणि माझी बाही त्यांनी सोडली नव्हती.

पाण्यावर काहीतरी पांढरे तरंगताना दिसले. मी थांबलो. मोबाइलचा उजेड टाकायचा की नाही, हे मला ठरवता येईना. बाईंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि उजेड टाकला. थर्माकोलची ताटली होती. त्यांनी मोबाइल परत दिला आणि त्या खाली बसल्या. क्षणभराने म्हणाल्या, "पाय गेले माहे. देता काय हात?" मी त्यांना उठवले. पुढे गेलो.

पाळेच्या वळणावर एका मोठ्या दगडाला टेकून आराध्या बसलेली होती. रडत नव्हती. गुडघे पोटाशी घेतलेले, चाचणीची दोरी दोन्ही हातांत घट्ट. मी तिच्यासमोर बसलो, तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी ती माझ्याशी बोलली नाही. ती बाईंना म्हणाली, "बाई, तिकडे पण एक आहे."

पाळ रस्त्याला मिळते त्या टोकाशी एक काळा कुत्रा बसलेला होता. पुढे तो, मागे मांडवाचे. म्हणून ती मध्येच थांबली होती.

मी खालून एक दगड उचलला. "हाकलतो त्याला. चला."

"ठेवा तो धोंडा," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, एकच तर कुत्रा आहे."

"तुमाले नसन लागत भेव. आमाले दोघींले लागते." मग त्यांनी आराध्याला विचारले, "काय करावं वं माय? बसाचं इथंच?"

आराध्याने नकारार्थी मान हलवली. मग तिने पाळेच्या खालच्या अंगाला बोट दाखवले. तिकडे हरभऱ्याचे वावर होते आणि वावरापलीकडून गाड्यांचे दिवे जाताना दिसत होते.

"लय फिरून पडन," बाई म्हणाल्या.

"चालेल."

"सापाचं काय?"

आराध्याने विचार केला. "त्याचं भेव मला नाही."

"मले लागते. मंग तू समोर हो."

उतार उतरताना बाई घसरल्या, झुडपाला धरून सावरल्या. खाली वावरात पोचलो तेव्हा रस्त्यावरून आमच्या बसचा हॉर्न ऐकू आला, मग पुन्हा, लांब, चिडलेला. मी आयोजकांना फोन करून मुलगी सापडल्याचे सांगितले. पलीकडून कोणी तरी म्हणाले, "अरे, मग या ना लवकर. काय करून राहिले तुम्ही तिथं?"

वावराच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, आम्ही एकामागे एक चाललो होतो. सगळ्यात पुढे आराध्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून बाई, मागे मी उजेड धरून. हॉर्न परत वाजला.

"बाई, सगळे रागावतील," आराध्या म्हणाली.

"रागावू दे."

हॉर्न आता थांबतच नव्हता. "वाजव गा, वाजव," बाई त्या दिशेला हळूच म्हणाल्या, आणि पायाखालची जागा चाचपत पुढचे पाऊल टाकले.